मिठागरावरील सृष्टिनिरीक्षक : एडवर्ड हॅमिल्टन एटकेन

पनवेलच्या पश्चिमेस खाडी ओलांडली की उरणचा मुलूख लागतो. आज तेथे न्हावाशेवाचे मोठे बंदर झाले आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात उरणचे नाव निघाले की लोकांस प्रथम मीठ आठवे. भरतीचे पाणी बांध घालून अडवावे, उन्हाने ते आटू द्यावे आणि खाली राहिलेले मीठ ओढून त्याच्या पांढऱ्याशुभ्र राशी कराव्या, हा तेथील आगरी लोकांचा पिढीजात धंदा. या मिठावर इंग्रज सरकार कर घेत असे. तो १९४७ साली उठला. कर चुकू नये म्हणून मिठागरांवर पहारा ठेवणारे एक स्वतंत्र खातेच त्या काळी होते. त्या खात्यातील एक अंमलदार नोकरीच्या फेऱ्यात काही काळ उरणास राहून गेला. मिठावर नजर ठेवणे ही त्याची चाकरी. पशू, पक्षी व कीटक यांजवर नजर ठेवणे हा त्याचा छंद. त्याच्या चाकरीचे आज कोणास स्मरण नाही, परंतु छंदाचे फळ अद्यापि टिकून आहे. त्याचे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकेन.

एटकेन साहेबांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी आपल्या सातारा शहरी झाला. त्यांचे वडील रेव्हरंड जेम्स एटकेन हे स्कॉटलंडातील फ्री चर्चचे मिशनरी. मुलाचे पहिले शिक्षण वडिलांनीच घरी केले. त्या काळी गोऱ्या लोकांची मुले पाच-सहा वर्षांची झाली की त्यांस विलायतेस धाडीत; हा मुलगा मात्र याच देशात वाढला, मुंबईस व पुण्यास शिकला आणि मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. व एम. ए. या परीक्षा पहिल्या क्रमांकाने उतरला. आईबापांचा देश त्याने मोठेपणी पाहिला, आणि तेथील थंडी त्यास मानवली नाही. १८७० पासून १८७६ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी लॅटिन भाषा शिकविली. लॅटिन शिकविणाऱ्यास बेडूक व गोगलगायी यांच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु सर्व जगातील प्राण्यांची शास्त्रीय नावे लॅटिन धर्तीवर ठेविलेली असतात. ज्यास ती भाषा येते त्यास ती नावे घोकावी लागत नाहीत, त्यांचा अर्थच कळतो.

१८७६ साली त्यांनी कॉलेज सोडून मीठ व जकात खात्यात नोकरी धरली. कच्छच्या लहान रणाच्या कडेला खाराघोडा म्हणून मिठाचे ठिकाण आहे, तेथे ते राहिले. धूळ, ऊन व खारट वारा यांवाचून तेथे दुसरे काय असणार? एखादा मनुष्य अशा जागी व्यसनास लागला असता अथवा बदलीचे अर्ज लिहीत बसला असता. एटकेन यांनी बंगल्यातील उंदीर, भिंतीवरील पाली, छपरातील वटवाघळे, न्हाणीतील बेडूक, तुळयांस लागलेली वाळवी, अंगणातील कावळे या सर्वांची टिपणे करण्यास आरंभ केला. सरहद्दीवरच्या टोळ्या सरकारी मुलखावर चाल करून येतात, तद्वत् हे प्राणी माझ्या बंगल्यावर चाल करून येतात, अशी कल्पना करून त्यांनी विनोदी लेख लिहिले. त्यांचे पुस्तक १८८३ साली निघाले व फार गाजले. पुस्तकांवर ते पूर्ण नाव न घालता आपल्या तीन आद्याक्षरांची सही करीत, व ती जोडून वाचली म्हणजे ‘ईहा’ असा शब्द होतो. संस्कृतात ईहा म्हणजे इच्छा किंवा यत्न. हा योग त्यांनी जाणून साधला असे नव्हे, पण तो त्यांस शोभला खरा.

त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. १८८९ साली त्यांनी बंगल्यामागे राहणारी नोकरमाणसे, म्हणजे बटलर, आया, मोतद्दार, धोबी, यांजवर लेख प्रसिद्ध केले. त्यात थट्टा आहे, क्वचित माया आहे. परंतु जी नजर मुंगीकडे पाहताना नम्र असे, ती गरीब माणसाकडे पाहताना धन्याच्या ओसरीवरून खाली पाहते. सातारच्या मातीत वाढलेल्या मनुष्याकडून याहून बरे अपेक्षिले असते. प्राण्यांवरील त्यांच्या लेखनात हा दोष नाही, म्हणून तिकडेच वळू.

प्राण्यांचे मोठे वर्ग त्यांच्या जन्मापूर्वीच पाडले गेले होते. स्वीडन देशातील एका पाळकाचा मुलगा कार्ल लिनियस याने १७५८ साली सर्व प्राण्यांची सहा वर्गांत मांडणी केली. तोवर विद्वान लोकही देवमाशास मासाच म्हणत. लिनियसने त्यास गाय, घोडा व मनुष्य यांच्या पंक्तीस बसविले, कारण त्याची मादी पिलास दूध पाजते. पुढे फ्रान्स देशातील लामार्क याने पाठीचा कणा असलेले व नसलेले असे दोन मोठे भाग केले. ही विद्या पंडितांच्या ग्रंथांत होती. ती ओसरीवर, परसात व खाडीच्या चिखलात उतरवून सामान्य मनुष्याच्या डोळ्यांस दाखवावी, हे काम एटकेन यांनी आपल्या लेखणीने केले. पाय व हात, पक्ष्यांच्या चोची, शेपट्या, नाके, कान, अशा एकेका अवयवावर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिले आहेत. प्राणी कोठे राहतो, काय खातो एवढे पाहून ते थांबत नसत. त्याचा अवयव कसा घडला आहे व तो कोणत्या कामी येतो, हे ते पाहात.

हे आपल्या इकडील उदाहरणांनी समजून घेऊ. पनवेल-उरणच्या खाडीत ओहोटीच्या वेळी चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतात. त्या पाण्याबाहेर तास-तास राहतात, परांवर भार देऊन चालतात, म्हणून कोणी त्यांस बेडकाचा भाऊ समजेल. परंतु निवटी हा मासाच होय. त्यास कल्ले आहेत, पर आहेत, अंगावर बारीक खवले आहेत; कल्ल्यांत पाणी धरून व ओल्या कातडीवाटे तो हवेतही श्वास घेतो एवढेच. उलट बेडूक जन्मतो तो कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या शेपटीवाल्या पिलाच्या रूपाने. मग त्यास पाय फुटतात, शेपटी जिरते, फुप्फुसे तयार होतात व तो बाहेर येतो. त्याची कातडी उघडी व ओलसर असते. म्हणून बेडकाचा वर्ग निराळा, त्यास उभयचर म्हणतात. पाल, सरडा, घोरपड, साप, कासव व सुसर यांची कातडी कोरडी व खवल्यांची. ती जन्मापासून फुप्फुसांनीच श्वास घेतात आणि कासव पाण्यात राहिले तरी अंडी जमिनीवरच घालते. हा सरपटणाऱ्या प्राण्यांचा वर्ग.

आता वटवाघूळ घ्या. ते रात्री पेरूच्या बागेत उडत येते, म्हणून पुष्कळ लोक त्यास पक्षी म्हणतात. मोशेच्या नियमशास्त्रातही ते पक्ष्यांच्या यादीत आहे. पण ती यादी काय खावे व काय खाऊ नये याची आहे, शरीररचनेची नव्हे, आणि तिच्यात उडणारे ते एके ठिकाणी घेतले आहे. शरीर पाहू जाता वटवाघळास पीस एकही नाही. अंगावर केस आहेत, तोंडात दात आहेत, कान बाहेर आहेत, आणि मादी पिलास उराशी धरून दूध पाजते. ज्यास पंख समजतो तो त्याचा हातच होय. चार बोटे लांब वाढून त्यांवर छत्रीप्रमाणे कातडे ताणले आहे, आणि अंगठा लहान नखासह मोकळा राहिला आहे. मनुष्याचा हात, देवमाशाचे वल्ह्यासारखे अंग, वटवाघळाचा पंख व घोड्याचा पुढचा पाय, या चहूंत हाडांचा साचा एकच सापडतो. घोड्याचे एकच बोट वाढून त्याच्या नखाचा खूर झाला आहे. केस व दूध या दोन खुणा जेथे आहेत तो सस्तन प्राणी, मग तो उडो, पोहो की दौडो. सह्याद्रीच्या रानातील खवले मांजरावर माशासारखी ढाल आहे, तरी त्याच्या पोटावर केस आहेत व ते पिलास पाजते. म्हणून तेही याच घरचे. पक्ष्याची खूण उडणे नव्हे, पिसे ही होय. शहामृग उडत नाही, तरी तो पक्षी आहे.

पाठीचा कणा असलेल्या या सर्वांची संख्या तरी किती? आजवर ज्यांची नोंद झाली आहे त्या प्राण्यांच्या जातींपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जाती एकट्या सांधेदार पायांच्या प्राण्यांच्या आहेत. यांचा सांगाडा आत नसून बाहेर कवचासारखा असतो. अंग वाढले की ते कवच टाकून नवे घ्यावे लागते. चिंबोरी मऊ झालेली सापडते ती याच वेळी. त्यांत पाय मोजले की पुष्कळसा उलगडा होतो. सहा पाय व अंगाचे तीन भाग असतील तो कीटक : मुंगी, माशी, टोळ, फुलपाखरू, वाळवी. आठ पाय असतील तर कोळी, विंचू किंवा गोचीड. हे कीटक नव्हेत. चिंबोरी व कोळंबी यांस नांग्यांसह दहा पाय असून ती कल्ल्यांनी श्वास घेतात. गोमेस अंगाच्या प्रत्येक कांड्याला पायांची एक जोडी, आणि पावसाळ्यात घरात येणाऱ्या वाणी किड्यास बहुतेक कांड्यांना दोन. कालव, तिसरी, गोगलगाय यांस पायांचे सांधे नाहीत व हाडेही नाहीत. मऊ अंग व बहुधा वर शिंपला किंवा शंख. गांडूळ यांहून निराळे, त्याचे अंग कड्यांकड्यांचे. खाडीतली जेलीफिश व समुद्रातला तारामासा हे आणखी दोन निराळ्या घराण्यांतले. नावात मासा असला तरी मासा कोणीही नव्हे.

हे ज्ञान केवळ करमणुकीचे नाही. आपल्या गावांत धामण म्हशीच्या पायांस विळखा घालून दूध पिते असे म्हणतात, आणि दिसताच तिला ठेचतात. परंतु दूध पाजणे व ओठांनी चोखणे ही सस्तन प्राण्यांची करणी. सापाच्या वर्गात दूध नाही, आणि त्याचे तोंड चोखण्यासारखे घडलेलेच नाही. धामण बिनविषारी असून शेतातले उंदीर खाते. कोकणात माणसे दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांनी. एटकेन यांनी साप, गारुडी व सर्पदंशावरील गावठी उपाय यांवर लेख लिहून हा विषय पुष्कळ मोकळा केला. आज सरकारी दवाखान्यांत सर्पविषावरची लस मिळते. तेव्हा दंश झालेल्या मनुष्यास मांत्रिकाकडे नेऊन जो वेळ दवडतात तो त्याच्या आयुष्यातून कापला जातो.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत भायखळ्याच्या म्युझियममध्ये (हल्ली त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे) आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी ही संस्था काढली. त्या आठांत एटकेन होते, आणि दोघे आपले लोक होते : प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खड व वनस्पतिशास्त्राचे जाणते डॉ. सखाराम अर्जुन. एटकेन संस्थेचे पहिले चिटणीस झाले. १८८६ साली तिचे नियतकालिक सुरू झाले, त्याच्या संपादनातही त्यांचा हात होता. संस्था आजही मुंबईत चालू आहे. तिजजवळील प्राण्यांचा व पक्ष्यांचा संग्रह देशातील मोठ्या संग्रहांत गणला जातो. आठ माणसांच्या बैठकीतून एवढे उभे राहिले. प्राणी मारून त्याचे शिंगाडे भिंतीस टांगणारे साहेबलोक त्या काळी शेकड्यांनी होते. नावे, तारखा व ठिकाणे लिहून ठेवणारे थोडे.

पुढे कारवार जिल्ह्यात त्यांची बदली झाली. तेथे डेव्हिडसन व बेल या दोन सोबत्यांबरोबर त्यांनी फुलपाखरांचा शोध मांडला. फुलपाखरू धरून टाचणीस लावणे कोणासही साधते. यांनी त्यांची अंडी व सुरवंट शोधून आणले, प्रत्येक सुरवंट कोणत्या झाडाचा पाला खातो हे पाहिले, त्यास तोच पाला घालून वाढविले, आणि कोशातून काय बाहेर येते ते लिहून ठेवले. सुरवंट व फुलपाखरू यांचे रूप इतके भिन्न, की वाढवून पाहिल्यावाचून कोणता कोणाचा हे सांगता येणे कठीण. त्यांची ही लेखमाला संस्थेच्या नियतकालिकात १८९६ पासून आली व अभ्यासक तिचा आधार घेत आले आहेत.

परंतु त्यांच्या विद्येची खरी कसोटी १९०२ साली लागली. गोवे तेव्हा पोर्तुगीज सरकारच्या ताब्यात होते (ते १९६१ पर्यंत राहिले), आणि सरहद्दीच्या रानातून ठिकठिकाणी जकातीची नाकी होती. तेथील शिपायांस हिवतापाने ग्रासले होते. डॉ. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेस हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात दाखवून दिले होते. तोवर दलदलीच्या वाईट हवेने हा ताप येतो असाच समज होता. तेव्हा सरकारने एटकेन यांस त्या नाक्यांवर पाठविले, की ताप किती आहे ते पाहावे व अॅनोफिलीस जातीच्या डासाचा नायनाट कसा करावा ते सुचवावे.

आता डास हा कीटकांच्या वर्गातील दोन पंखी गणाचा प्राणी. इतर बहुतेक कीटकांस चार पंख, यास दोनच. मागच्या दोहोंच्या जागी तोल सांभाळण्याच्या लहान गाठी असतात. त्यातही रक्त पिते ती मादी. हिवताप पसरवितात ते केवळ अॅनोफिलीस कुळातील डास, आणि तेही सर्व नव्हेत. ते बसले म्हणजे शेपटीकडचा भाग वर उचललेला, जणू खिळा तिरपा ठोकला आहे. इतर डास भिंतीशी समांतर बसतात. पाण्यात त्यांची अळी पृष्ठभागास लागून आडवी पडते, इतरांची डोके खाली करून लोंबकळते. शिवाय एकेका जातीचे पाणी निराळे : कोणी वाहत्या ओढ्याच्या कडेला, कोणी विहिरीत, कोणी भातखाचरात वाढतो. ज्यास हा भेद कळत नाही तो नको त्या डबक्यात तेल ओतून दमतो, आणि खरा वैरी पलीकडच्या ओढ्यात वाढत राहतो. वर्ग, गण, कूळ व जात ही शास्त्रातील कोरडी उतरंड येथे शिपायाच्या जिवाशी येऊन भिडली होती.

या कामात एटकेन यांस एक नवीनच अॅनोफिलीस डास सापडला. तो तज्ज्ञ डॉ. जेम्स यांनी तपासला आणि त्यास एटकेन यांचेच नाव दिले. रानातील ओढ्यांच्या सावलीत राहणारा हा डास हिवतापाच्या मुख्य वाहकांत गणला जात नाही. मनुष्याचे नाव राहावे म्हणून कोणी मनोरे बांधतात. या गृहस्थांचे नाव एका निरुपद्रवी डासास चिकटून राहिले आहे, आणि त्यांचा विनोदी स्वभाव पाहता ते त्यांस आवडले असावे.

१९०३ साली ते कराचीस जकातीचे मुख्य अधिकारी झाले, आणि नंतर सिंध प्रांताचे गॅझेटियर लिहिण्याचे काम त्यांजकडे आले. १९०६ साली सेवानिवृत्त होऊन ते स्कॉटलंडात एडिंबरो येथे जाऊन राहिले. ज्याने जन्मभर कोकणचा पाऊस व रणातील ऊन सोसले त्यास ती हवा सुखाची झाली नाही. १९०९ च्या एप्रिलात, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, ते तेथेच वारले. पाय, चोची, शेपट्या यांवरील त्यांचे निबंध त्यांच्या मागे १९१४ साली पुस्तकरूपाने निघाले.

त्यांनी १९०० साली मुंबईतील नेहमीच्या पक्ष्यांवर एक लहानसे पुस्तक लिहिले होते. त्यानंतर काही वर्षांनी दहा-बारा वर्षांचा एक मुलगा हवेच्या बंदुकीने मारलेली चिमणी घेऊन मुंबईस त्या सोसायटीच्या कचेरीत भीत भीत गेला. चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता, आणि ती कोणती हे त्यास जाणून घ्यावयाचे होते. त्या वेळचे चिटणीस मिलार्ड यांनी ती ओळखून सांगितली, मुलास पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखविली, आणि घरी वाचावयास जी पुस्तके दिली त्यांत एटकेन यांचे ते पुस्तक होते. तो मुलगा म्हणजे पुढे पक्षिशास्त्रात जगभर नाव मिळविलेले डॉ. सालिम अली. त्यांनी १९८५ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या नावात ती चिमणीच घातली.